कागदावर नाव लिहिण्यापासून पहिल्या सामन्यापर्यंत: मुलींच्या आंतरवर्गीय स्पर्धांची वाट

सूचनाफलकावर ‘मुलींच्या आंतरवर्गीय क्रीडा स्पर्धा, इच्छुकांनी नावे द्यावीत’ असा कागद लागतो. बऱ्याच जणी तो शेवटपर्यंत वाचतात, क्षणभर थांबतात आणि वर्गाकडे वळतात. “मला कुठे खेळता येतं?” हे मनातलं उत्तर ठरलेलं असतं. त्या क्षणभर थांबलेल्या मुलीसाठी मी हे लिहिते आहे. शाळा सुटल्यापासून चेंडूला हात लावला नसेल, शाळेतही कायम राखीव म्हणून बसवलं असेल, तरी ही स्पर्धा तुझीच आहे.

मी कॉलेजची सगळी वर्षं या स्पर्धांत खेळले आणि नंतर त्या भरवायला मदतही केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. या पातळीवर कौशल्यापेक्षा हजेरी जास्त सामने जिंकून देते. ज्या संघाच्या सगळ्या मुली प्रत्येक सामन्याला वेळेवर येतात, तो संघ बराच पुढे जातो. चांगल्या खेळणाऱ्या तीन मुली असलेला, पण दर वेळी माणसं शोधत फिरणारा संघ मधेच गळतो. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे.

आधी हे नेमकं काय आहे ते समजून घे

या स्पर्धांना कुठे आंतरवर्गीय म्हणतात, कुठे महाविद्यालयांतर्गत, कुठे इंट्राम्युरल. लॅटिनमध्ये ‘इंट्रा’ म्हणजे आत आणि ‘मुरुस’ म्हणजे भिंत, म्हणजे कॉलेजच्या भिंतींच्या आतला खेळ. वर्ग विरुद्ध वर्ग, विभाग विरुद्ध विभाग किंवा वसतिगृहाचा एक मजला विरुद्ध दुसरा. बाहेरच्या कॉलेजांशी खेळणारा निवड संघ वेगळा. तिथे चाचणी होते, प्रशिक्षक असतो. इथे बहुतेक वेळा नाव दिलं की झालं.

मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलची सुरुवात अशाच एका आंतरवर्गीय सामन्यातून झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला. अमेरिकेतल्या स्मिथ या मुलींच्या कॉलेजात व्यायाम शिकवणाऱ्या सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या मुली असा सामना लावला. पुरुष प्रेक्षकांना आत प्रवेश नव्हता. खेळायच्या कपड्यांतल्या मुली परक्या पुरुषांनी पाहणं तेव्हा शोभत नसे. बंद दारांआड, आपल्याच मैत्रिणींच्या आरोळ्यांमध्ये त्या मुली खेळल्या. त्यांच्यातली एकही ‘खेळाडू’ नव्हती. कशी असणार? खेळच जेमतेम सव्वा वर्षाचा होता.

क्रीडा विभागात जाऊन पाच गोष्टी विचार

एकटी जाऊ नकोस, एकीला सोबत घे. संघात किती नावं चालतात आणि राखीव किती? कॉलेजच्या निवड संघातल्या मुलींना आंतरवर्गीय सामन्यात खेळता येतं का? (काही ठिकाणी पूर्ण बंदी असते, काही ठिकाणी संघात एक किंवा दोनच चालतात. उत्तर काहीही असो, ते आधी माहीत हवं.) एका मुलीला दोन खेळांत भाग घेता येतो का? नाव द्यायची शेवटची तारीख कोणती आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं का? पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: ठरलेल्या वेळेनंतर किती मिनिटं थांबतात आणि किमान किती जणी हजर असल्या तर सामना सुरू होतो? प्रतिस्पर्ध्याला पुढे चाल, म्हणजे न खेळताच विजय, मिळते ती याच मिनिटांत.

जमलं तर स्पर्धा साखळी पद्धतीची आहे की बाद पद्धतीची, तेही विचार. शक्य असेल तर साखळीसाठी आग्रह धर. आठ संघ बाद पद्धतीने खेळले तर सात सामन्यांत स्पर्धा संपते आणि चार संघांचा खेळ पहिल्याच फेरीत आटोपतो. म्हणजे अर्ध्या मुली तीन आठवडे सराव करून एकदाच मैदानावर उतरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणी पुढच्या वर्षी फिरकत नाहीत. तेच आठ संघ चार-चारच्या दोन गटांत खेळले तर गटांचे मिळून १२ सामने होतात आणि प्रत्येक संघाला किमान तीन मिळतात. “एवढा वेळ नाही” असं उत्तर आलं तर सामने लहान करायला सुचव. व्हॉलीबॉलमध्ये तीन सेटऐवजी एकच सेट ठेवला तरी चालतो. नवीन मुलीसाठी एका लांब सामन्यापेक्षा तीन छोटे सामने कितीतरी चांगले. पहिला घाबरण्यात जातो, दुसऱ्यात चेंडू दिसायला लागतो, तिसऱ्यात ती खेळते.

खेळ निवडताना आधी माणसं मोज

आवडीचा खेळ आधी ठरवून मग माणसं शोधायला निघालीस तर दमशील. आधी बघ, खात्रीने येणाऱ्या किती जणी आहेत. व्हॉलीबॉलला सहा लागतात, बास्केटबॉलला पाच, कबड्डीला सात, खो-खोला नऊ. यात राखीव मुली धरलेल्या नाहीत. मला विचारशील तर खात्रीच्या मुली लागतात त्यापेक्षा तीन जास्त असल्याशिवाय संघाचं नाव देऊ नये. एकीची प्रयोगवही त्याच दिवशी तपासायची असते, एकीला ताप येतो, एक विसरते. हे दर वर्षी घडतं.

चारच जणी असतील तरी निराश होऊ नकोस. तीन-तीनचं बास्केटबॉल आहे. तीन मैदानात, एक राखीव, अर्धं मैदान, एकच बास्केट, दहा मिनिटं किंवा त्याआधी कोणी २१ गुण केले तर तिथेच सामना संपला. टोकियो ऑलिंपिकपासून हा प्रकार तिथेही खेळला जातो. दिसायला छोटा असला तरी दम काढतो, म्हणून चौथी मुलगी हवीच. दोघीच असाल तर बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसची दुहेरी आहेच.

अगदी नवख्या संघाला मी व्हॉलीबॉल सुचवते. मधे जाळी असते, त्यामुळे कोणी अंगावर येत नाही. धक्काबुक्कीची धास्ती असलेल्या मुलीही त्यात मोकळ्या होतात.

यादी

“कोण कोण खेळणार?” असा संदेश वर्गाच्या गटावर टाकला की वीस अंगठे येतात आणि मैदानावर चौघी येतात. पहिल्या वर्षी मी नेमकं हेच केलं. यादीत आठ नावं होती, सामन्याला चार जणी आल्या, पंचांनी घड्याळ पाहिलं आणि प्रतिस्पर्धी संघाला विजयी घोषित केलं. आम्ही चौघी बूट घालून तशाच उभ्या राहिलो. ती संध्याकाळ मला अजून आठवते.

दुसऱ्या वर्षी मी एकेकीशी समोरासमोर बोलले. “तू येशील का?” असं विचारलं नाही. “मंगळवार आणि गुरुवार, साडेचार ते साडेपाच, तीन आठवडे. जमेल?” असं विचारलं. वार आणि वेळ समोर आली की माणूस खरं उत्तर देतो. ‘नाही’ म्हणणारीचे मनापासून आभार मान, तिने तुझा सामना वाचवला आहे. ‘बघते’ म्हणणारीचं नाव राखीव यादीत ठेव.

वर्गात फारसं न बोलणाऱ्या मुलींकडेही जा. त्यांना सहसा कोणी विचारलेलंच नसतं. आमच्या संघातली सगळ्यांत भरवशाची मुलगी मागच्या बाकावरची होती. दोन वर्षांत तिचा एकही सराव चुकला नाही. तिला आधीच्या वर्षी का नाही आलीस असं विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “कोणी बोलावलंच नाही.”

कर्णधार सगळ्यांत चांगली खेळणारी असावी असा काही नियम नाही. जी फोन उचलते आणि जिच्यावर कोणी रुसत नाही, तिला कर्णधार कर.

मैदान, वेळ आणि जाळीची उंची

सरावाची वेळ मुलांचा सराव आटोपल्यावरची मिळते, म्हणजे अंधार पडताना. ही तक्रार मी जवळजवळ प्रत्येक कॉलेजातल्या मुलींकडून ऐकली आहे. आपसांत कुरकुरून काही होत नाही. क्रीडा विभागाला लेखी अर्ज दे आणि त्यात वार, वेळ, मैदान, साहित्य असं स्वच्छ मांड. अर्जात काय मागावं याचा चांगला नमुना अमेरिकेतल्या ‘टायटल नाइन’ या १९७२ च्या कायद्याखालच्या नियमांत सापडतो. खेळात मुलींना समान संधी मिळते की नाही हे पाहताना ते नियम साहित्य, सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा, प्रशिक्षण, कपडे बदलायची जागा अशा एकेका बाबीकडे बघायला सांगतात, आणि त्यात आंतरवर्गीय स्पर्धांचाही स्पष्ट उल्लेख आहे. तो कायदा तुझ्या कॉलेजला लागू असो वा नसो, यादी उपयोगी आहे. रोज नाही तर निदान आलटून पालटून तरी उजेडातली वेळ मिळावी, ही मागणी अगदी रास्त आहे. उशीर होणारच असेल तर परतताना कोण कोणाबरोबर जाणार हे सराव सुरू व्हायच्या आधी ठरव.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर कोणी लक्ष देत नाही. मुलींच्या व्हॉलीबॉलची जाळी २.२४ मीटरवर असते, मुलांची २.४३ मीटरवर. मुलांचा सराव झाल्यावर जाळी तशीच वर राहते आणि मुली १९ सेंटीमीटर उंच जाळीवर सर्व्हिस मारत बसतात. चेंडू पलीकडे जात नाही आणि “आपल्याला जमतच नाही” असं वाटायला लागतं. बास्केटबॉलचंही तसंच. मुलींचा चेंडू ६ क्रमांकाचा, मुलांचा ७ क्रमांकाचा. मुलींच्या चेंडूचा घेर सुमारे अडीच सेंटीमीटरने कमी असतो आणि तो हलकाही असतो. आम्ही एकदा तीनही आठवडे ७ क्रमांकाच्या चेंडूने सराव केला आणि सामन्यात ६ क्रमांकाचा हातात आला. पहिले कितीतरी फटके बास्केटच्या पलीकडे गेले. साहित्य घेताना चेंडूवरचा आकडा वाच. कबड्डीचं मैदानही महिलांसाठी १२ बाय ८ मीटरचं असतं, पुरुषांसाठी १३ बाय १० चं.

तीन आठवड्यांचा सराव

उदाहरण व्हॉलीबॉलचं घेते, कारण नवख्या संघांना मी तोच सर्वांत जास्त शिकवला.

पहिला आठवडा फक्त सर्व्हिसचा. या पातळीवर निम्म्याहून जास्त गुण सर्व्हिसवरच येतात किंवा जातात, असा माझा अनुभव आहे. उडी मारून केलेली झकास सर्व्हिस विसर. खालून मारायची सर्व्हिस शिक. उजव्या हाताने खेळत असशील तर डावा पाय पुढे, डाव्या तळव्यावर कमरेच्या उंचीला चेंडू, उजवा हात मागून सरळ झोक्यात आणायचा आणि मनगटाजवळच्या तळव्याच्या कडक भागाने मारायचं. मारण्याआधी चेंडू डाव्या हातातून सुटलेला हवा, नाहीतर चूक धरतात. मारताना पाय मागच्या रेषेवर पडता कामा नये. पंचांच्या शिट्टीनंतर आठ सेकंद असतात. ती वापर, श्वास घे. दहापैकी आठ सर्व्हिस पलीकडे जायला लागल्या की पुढच्या आठवड्याकडे वळ.

दुसरा आठवडा आलेला चेंडू उचलण्याचा. दोन्ही हात सरळ आणि जुळवलेले, गुडघे वाकलेले, चेंडू मनगट आणि कोपर यांच्या मधल्या सपाट भागावर घ्यायचा. हात फिरवायचे नाहीत, वर उठायचं काम पाय करतात. सुरुवातीला हात लाल होतात, चार दिवसांत सवय होते. पण याहून महत्त्वाचा सराव तोंडाचा आहे. नवख्या संघाचे बहुतेक गुण दोघींच्या मधे पडलेल्या चेंडूवर जातात. दोघी एकमेकींकडे बघत राहतात आणि चेंडू जमिनीवर पडतो. म्हणून चेंडू जाळीवरून येतानाच एकीने ओरडायचं: “माझा!” अनेक मुलींना मैदानावर मोठ्याने ओरडायचीच सवय नसते. आम्ही पाच मिनिटं चेंडूशिवाय नुसतं ओरडायचा सराव करायचो. संकोच तिथेच गळून पडायचा.

आमच्या संघात आणखी एक नियम होता: मैदानात ‘सॉरी’ म्हणायचं नाही. चेंडू सुटला की मुली लगेच माफी मागतात, दुसरी “अगं, असू दे” म्हणते, आणि तोवर पुढची सर्व्हिस येऊन पडलेली असते. सुटला तर सुटला. “पुढचा!” एवढंच म्हणायचं.

तिसऱ्या आठवड्यात जागा बदलणं शिका. सर्व्हिस आपल्याकडे परत आली की सहा जणींनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने एकेक जागा सरकायचं असतं. आधी चेंडूशिवाय, नुसतं चालून बघा. क्रम चुकला तर प्रतिस्पर्ध्याला फुकटचा गुण जातो. मग दुसऱ्या वर्गाच्या मुलींना बोलावून एक सराव सामना खेळा, गुण मोजून आणि शिट्टी वाजवून.

कपडे, बूट, पाळी

स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही, खेळायचं साहित्य आहे. ती १९७७ पर्यंत बाजारात जवळजवळ नव्हतीच. अमेरिकेतल्या तीन स्त्रियांनी, लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी, पुरुष खेळाडूंच्या दोन लंगोटवजा आधारपट्ट्या एकत्र शिवून पहिला नमुना केला. घेताना जागच्या जागी दहा उड्या मारून बघ. खालचा पट्टा वर सरकता कामा नये, पण त्याखाली दोन बोटं जायला हवीत.

धावायचे बूट सरळ धावण्यासाठी असतात. त्यांचा तळ उंच आणि मऊ असतो, त्यामुळे आडवं सरकताना पाय मुरगळू शकतो. नवे घ्यायलाच हवेत असं नाही, पण जवळ असलेल्यांपैकी सपाट, घट्ट आणि न घसरणारे निवड. अंगठ्या, कानातलं, बांगड्या काढून ठेव, नखं काप. डोकं झाकून खेळणाऱ्या मुलीला “चालणार नाही” असं कोणी म्हणालं तर सांग, फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये त्याला परवानगी दिली आहे.

संघाचा पोशाख ठरवताना पांढरी शॉर्ट टाळा. पांढऱ्या कपड्यांबाबत अतिशय कडक असलेल्या विम्बल्डननेही २०२३ पासून स्त्री खेळाडूंना आतून गडद रंगाची शॉर्ट घालायला परवानगी दिली. ती याच पाळीच्या काळजीमुळे. पाळीत खेळू नये असा वैद्यकीय नियम नाही. काहींना हलक्या हालचालींनी पोटातल्या कळा कमीही होतात, काहींना त्या दिवशी उभंही राहवत नाही. दोन्ही खरं आहे. संघाच्या पिशवीत पॅडचं एक पाकीट ठेवा आणि “आज मला राखीव ठेव” एवढ्या चार शब्दांत काम व्हावं, कारण विचारू नये, हे पहिल्याच दिवशी ठरवा. दर महिन्याला खेळणं सोडाच, वर्गातही बसवत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. सहन करत राहू नकोस.

गुडघ्याची काळजी

उडी मारून खाली येताना मुलींचे गुडघे आत वळण्याची प्रवृत्ती जास्त असते. गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध फाटण्याची दुखापत त्याच खेळांतल्या मुलांपेक्षा मुलींना बरीच जास्त होते. म्हणून सराव आणि सामन्याआधी पंधरा-वीस मिनिटं अंग तापवायला द्या: हलकं धावणं, उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणं आणि दोन्ही पायांवर मऊ उतरण्याच्या उड्या, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत. नॉर्वेतल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर अशाच वीस मिनिटांच्या व्यायामक्रमाचा अभ्यास झाला आणि तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो व्यायाम करणाऱ्या संघांमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी होत्या. वीस मिनिटांत याहून मोलाचं काही करता येईल असं मला वाटत नाही.

घोटा मुरगळला तर खेळ थांबव, कापडात गुंडाळलेला बर्फ लाव, पट्टी बांध, पाय उंच ठेव. चार पावलंही टाकता येत नसतील तर क्ष-किरण तपासणी करायला हवी. डोक्याला मार लागून गरगरलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर त्या दिवशी ती मुलगी पुन्हा मैदानात उतरणार नाही आणि तिला डॉक्टरांकडे न्यायचं. सामना अंतिम असला तरी.

सामन्याचा दिवस

आदल्या रात्री कर्णधाराने प्रत्येकीला फोन करावा. संदेश नको, फोनच. अर्धा तास आधी जमा. नोंदपत्रकावरची नावं आणि पाठीवरचे क्रमांक एकदा जुळवून बघा. नाणेफेक जिंकलीत तर सर्व्हिस घ्या. खालून मारायची सर्व्हिस पक्की असेल तर समोरच्या घाबरलेल्या संघाविरुद्ध पहिले चार-पाच गुण तिथेच मिळतात. पंचांशी फक्त कर्णधाराने बोलायचं. आंतरवर्गीय सामन्यातले पंच बहुतेक वेळा विद्यार्थीच असतात आणि तेही शिकत असतात.

राखीव मुलींबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. गटातल्या सामन्यांत यादीतली प्रत्येक मुलगी मैदानात उतरलीच पाहिजे. कोण कधी उतरणार हे सामन्याआधी ठरवा, गुणफलक बघून नाही. व्हॉलीबॉलमध्ये एका सेटला सहा बदल करता येतात, ते वापरा. तीन आठवडे येऊन नुसती बाकावर बसलेली मुलगी पुढच्या सामन्याला येत नाही. आणि मग ज्या दिवशी दोघी आजारी पडतात, त्या दिवशी तुमच्याकडे पाचच जणी उरतात.

दुसऱ्या वर्षी आमचा पहिला सामना आम्ही २५-९ असा हरलो. पण सहाच्या सहा जणी मैदानात होत्या, तिघी बाहेर उभ्या राहून ओरडत होत्या, आणि त्या नऊ गुणांपैकी चार मागच्या बाकावरच्या त्या मुलीच्या सर्व्हिसवर आले होते. सामना संपल्यावर घाम पुसत तिने विचारलं, “पुढचा कधी आहे?” मी वही काढली, तारीख सांगितली, आणि तिथेच उभ्या उभ्या नऊ जणींकडून पुढच्या सामन्याचं ‘हो’ घेतलं.